व्हर्ना दोन पेन्सिलींनी गणित लिहिते

व्हर्ना ग्रॅबोव्स्की आमच्या गणिताच्या मदत-खोलीत शिरली की पोरं माना खाली घालतात. घाबरून नाही, हसू लपवायला. तिचा आवाज शाळेच्या पिवळ्या बसमध्ये तयार झालेला. पुढच्या आरशात बघून अगदी मागच्या बाकावरच्या पोराला खाली बसवायची सवय, ती बस सुटली तरी सुटलेली नाही. आल्या आल्या म्हणते, "सुलू, आज हे यंत्र मला खाणार की मी त्याला?" मी म्हणते, आधी कोट काढ, मग ठरवू.

मी एरी सरोवराच्या काठच्या ह्या गावात नवऱ्याच्या नोकरीपायी आले. नवरा रिटायर झाला, मला मात्र अजून कोणी सोडत नाही. कॉलेजात मोठ्या वयात शिकायला आलेल्यांना गणितात मदत करते. गावातल्या निम्म्या नर्सबायका माझ्यासमोर बसून अपूर्णांकांवर रडलेल्या आहेत, त्यामुळे दवाखान्यात माझी सुई फार जपून टोचतात.

व्हर्ना मात्र रडणाऱ्यांतली नव्हे. बाप काचेच्या कारखान्यात, आई चर्चच्या स्वयंपाकघरात, आणि ही पोरगी विशीत बसच्या चाकामागे जाऊन बसली ती बसलीच. नवरा लेलंड, मितभाषी माणूस. त्याच्या वाटचं बोलणंही हिनेच उरकून टाकलेलं. कुठल्या पोराचा कुत्रा बसमागे धावतो, कुठल्या पोराची आई रात्रपाळीवरून उशिरा येते आणि म्हणून त्याच्या दाराशी जरा जास्त थांबायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. मग संधिवाताने बोटं वळायला लागली. आधी बांगडीसारखी, मग मुठीसारखी. मागच्या शरद ऋतूत डॉक्टर म्हणाले, छोटी गाडी चालव, बस नको. बसडेपोने तिला टेलिफोनवर बसवलं.

तिथे बसून तिला एक गोष्ट दिवसरात्र खुपायला लागली. बसचे रस्ते आखणारा हार्लन नावाचा म्हातारा होता. त्याने सरोवराच्या काठचा रस्ता असा आखलेला, की तिथली पोरं जानेवारीच्या वाऱ्यात, अंधारात, सगळ्यांत आधी येऊन उभी राहायची आणि सगळ्यांत शेवटी घरी पोचायची. हार्लन उन्हाळ्यात रिटायर होणार होता. त्याची खुर्ची व्हर्नाला हवी होती, आणि डेपोवाल्यांनाही तीच हवी होती. पण त्या जागेला दोन वर्षांची पदवी लागते. व्हर्नाची पदवी वर्षानुवर्षं थोडी थोडी करत पुरी झालेली, फक्त बीजगणित राहिलेलं. साहेबांनी सांगितलं, मे महिन्यात पास झालीस तर खुर्ची तुझी, नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल.

म्हणून बाई बीजगणिताला बसली. आणि खरं सांगते, गणित तिला येत होतं. अडत होतं ते दुसरंच.

आमच्याकडे आता गृहपाठ कागदावर नसतो. संगणकावर सोडवायचा, उत्तर चौकटीत भरायचं, यंत्र लगेच हिरवी खूण करतं नाहीतर लाल फुली मारतं. उत्तरात अपूर्णांक, वर्गमूळ, घात असलं काही आलं, की चौकटीच्या वर बटणांचा एक तक्ता उघडतो. अपूर्णांकाचं बटण दाबा, दोन रिकामे खण येतात, एक वर, एक खाली. माऊस फिरवणाऱ्याला क्षणाचं काम. पण व्हर्नाच्या मुठीत माऊस बसतच नाही. ती दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल उलटी धरते आणि रबराच्या टोकाने कीबोर्डवर टकटक करते. सुतारपक्षी बरा, इतकी जोरात. आणि नुसत्या कीबोर्डवरून त्या तक्त्यातल्या बटणापर्यंत जायचं, तर एकेक बटण ओलांडत जावं लागतं. टकटक, टकटक. मधे अशी चिन्हं, की जी ह्या वर्गात कोणाला जन्मात लागणार नाहीत. अपूर्णांकाचं बटण चुकून ओलांडलं गेलं, की सगळी प्रदक्षिणा पहिल्यापासून. आणि आठवड्याच्या चाचणीला घड्याळ लावलेलं. व्हर्नाची गणितं डोक्यात सुटायची आणि तक्त्यात मरायची.

कॉलेजात अपंग विद्यार्थ्यांना मदत करणारी एक कचेरी आहे. त्यांनी मिसेस डनलॅप दिल्या. शेजारी बसून, व्हर्ना सांगेल ते माऊसने भरायचं काम. डनलॅपबाई म्हणजे चर्चमध्ये आयुष्यभर ऑर्गन वाजवलेली सोज्वळ मूर्ती. तोंडातून चकार शब्द काढणार नाहीत, नियमच आहे तसा. पण मान! व्हर्ना चुकीचं काही सांगायला लागली की बाईंची मान आपोआप डावीकडे-उजवीकडे. बरोबर असलं की खालीवर. त्यांना पत्ताही नाही. त्या चाचणीत व्हर्नाला पैकीच्या पैकी मिळाले आणि ती माझ्याकडे आली ती चेहरा पाडून.

मी म्हटलं, अगं, पेढे वाट.

"कसले? ते त्यांच्या मानेला मिळालेत," ती म्हणाली. "मी उत्तर सांगत होते आणि डोळा त्यांच्या मानेवर. उद्या डेपोत रस्ता आखताना मी कोणाच्या मानेकडे बघू?"

डनलॅपबाईंना तिने स्वतः जाऊन सांगितलं की तुमची मदत पुरे. मानेचं काही बोलली नाही. म्हणाली, मला तुमच्यासारख्या शांत बाईजवळ झोप येते. त्या खूश झाल्या.

आता उरलं काय? मी उठले आणि ऑस्ट्रँडरच्या खोलीत गेले. हा कर्टिस ऑस्ट्रँडर वर्गाचा प्रोफेसर, माझ्या धाकट्याच्या वयाचा. बर्फ पडत असताना अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा. शिकवतो झकास, पण डोक्यावर चढवलेला चष्मा टेबलाखाली शोधतो. त्याला म्हटलं, अरे, तुझ्या त्या तक्त्यात एवढी बटणं कशाला? तो अभिमानाने म्हणाला, मी सगळी चालू केली आहेत, मुलांना काही कमी पडायला नको.

"म्हणजे वरण-भात मागितला तरी आधी सगळी पंगत वाढून घ्यायची का रे?" मी म्हटलं. वरण-भात त्याला माहीत आहे, माझ्याकडे चापतो.

मग आम्ही दोघं त्याच्या बाजूने त्या गृहपाठाच्या सेटिंगमध्ये शिरलो. शिरलो काय, हरवलो. एका पानातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. शेवटी तळाशी एक बारकी चौकट सापडली: विद्यार्थ्याला गणिताची चिन्हं थेट टाइप करू द्यावीत का? रिकामी. वर्षानुवर्षं रिकामी. तिथे खूण केली, की तक्ता लागतच नाही. तिरकी रेघ टाइप केली की अपूर्णांक आपोआप मांडला जातो. सहाच्या कळेवरचं ते टोपीसारखं चिन्ह टाइप केलं की पुढचा आकडा घात म्हणून वर चढतो. मग आम्ही तक्त्यातली नको ती बटणंही काढून टाकली, म्हणजे कोणाला तक्ता वापरायचाच असला तरी चार पावलांत काम. टोपीच्या चिन्हाला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात, तर व्हर्नाच्या संगणकावर मी अशी सोय करून दिली की कळा एकामागून एक दाबल्या तरी चालेल. कर्टिसने सगळ्या गृहपाठांना आणि आठवड्याच्या चाचण्यांना ती खूण केली आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

व्हर्नाने पहिला अपूर्णांक टाइप केला. टक, टक, टक. स्क्रीनवर सुबक रेघ, वर एक, खाली दोन. ती दोन्ही पेन्सिली छातीशी धरून बघत राहिली. मग लेलंडला फोन लावून अपूर्णांक वाचून दाखवला. तो काय बोलला कोण जाणे, पण ती म्हणाली, "बघ, त्यालाही आवडला."

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण पुढच्या आठवड्यात गृहपाठावर लालच लाल. एकेक उत्तर फुली. व्हर्ना आली, कोट काढलाच नाही. म्हणाली, सुलू, यंत्राचा दोष होता तोवर ठीक होतं. आता यंत्र सुधारलं आणि तरी मी नापास. म्हणजे दोष कोणाचा ते कळलं मला. डेपोला सांगते, माणूस शोधा.

मी तिला खुर्चीत बसवलं. तिची उत्तरं उघडून बसले. पाहते तर काय, एक्सचा वर्ग अधिक तीन एक्स, असं उत्तर, अगदी बरोबर. पण लिहिलंय कसं? एक्स खाली जमिनीवर एकटा उभा, आणि दोन, अधिकचं चिन्ह, तीन, दुसरा एक्स, सगळं बिऱ्हाड घाताच्या माळ्यावर! त्या टोपीच्या चिन्हाने आकडा वर चढतो, पण आपोआप खाली येत नाही. उजवा बाण दाबावा लागतो, तेव्हा माणूस पुन्हा जमिनीवर. मी तिला पहिल्या दिवशी दाखवलं होतं. पण तिचे डोळे पेन्सिलींवर असायचे, स्क्रीनकडे बघायची ती सगळं टाइप झाल्यावर. आणि तेव्हा ते वर चढलेलं गबाळ बघून तिला वाटायचं, यंत्र असंच दाखवत असेल.

हे सांगितलं तर तिला हायसं वाटेल असं मला वाटलं. कसचं काय. "कळलं गं," म्हणाली, "पण ते लक्षात राहत नाही. डोकं पुढच्या पदात असतं. पंचावन्नाव्या वर्षी नवी सवय लागते का कोणाला?" त्या दिवशी तिने आणखी दोन गणितं केली आणि दोन्ही पुन्हा माळ्यावर.

त्या शुक्रवारी ती मला चर्चच्या जेवणाला घेऊन गेली. ईस्टरच्या आधीचे शुक्रवार म्हणजे इथे तळलेल्या माशांचे. मासे त्यांचे, पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, त्या माझ्या वाटणीच्या. व्हर्नाच्या छोट्या गाडीच्या चाकाला एक गोल मूठ बसवलेली आहे, तिच्यावर तळवा टेकवून ती चालवते. धान्याच्या कोठारापुढे रेल्वेचा रूळ आडवा येतो. तिथे आल्यावर तिने गाडी थांबवली, रेडिओ बंद केला, काच खाली केली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि कान देऊन बसली. बाहेरून बर्फाची हवा सरळ माझ्या कानात.

मी म्हटलं, "अगं बये, ह्या रुळावर गाडी शेवटची कधी आली होती?"

"माहीत नाही. म्हणून तर ऐकते."

बसचालकांना कायदाच आहे तसा. रूळ दिसला की थांबायचं, दार उघडायचं, ऐकायचं, बघायचं, मगच निघायचं. बस भरलेली असो की रिकामी. व्हर्ना किराणा आणायला निघालेली असली तरी थांबते, लेलंडला दवाखान्यात नेताना थांबली होती, आणि तो बिचारा पोटदुखीने कळवळत असताना एकही शब्द बोलला नव्हता. मी तिला चिडवत होते, की तू स्वर्गाच्या दारातही काच खाली करशील. तर ही रुळाकडेच बघत राहिली. गाडी रुळापलीकडे गेली आणि चर्चच्या आवारात उभी केल्यावर म्हणाली, "सुलू, मी तिथे थांबत नाही. त्या टोपीपाशी. सरळ पळवते."

सोमवारी ती आली, पेन्सिली काढल्या. एक्स. टोपी. दोन. आणि दोन्ही पेन्सिली हवेत. मान वर, डोळे स्क्रीनवर, डावीकडून उजवीकडे. मग बाण. मग अधिक. प्रत्येक घाताला बस थांबलीच पाहिजे. पेन्सिली हवेत धरून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. मला वाटतं, दार उघडायची. समोरच्या टेबलावरची पोरं आधी तिची नक्कल करायला लागली, हात वर करून. मग त्यातल्या एकीच्या लक्षात आलं, की आपलीही निम्मी उत्तरं माळ्यावर अडकतात. आठवड्याभरात आमच्या खोलीत सगळेच टोपीपाशी हात वर करायला लागले. बाहेरून कोणी बघितलं असतं तर दरोडा पडलाय म्हणाला असता.

गृहपाठ हिरवे व्हायला लागले. एप्रिल गेला. व्हर्नाने डेपोत गावाचा नकाशा भिंतीवर लावून घेतला. हार्लनला ते अजिबात आवडलं नाही.

आणि शेवटची परीक्षा. ह्यातच काय ते ठरायचं होतं. ह्यात गेलं तर सगळंच गेलं. मी मदत-खोलीत होते. परीक्षा सुरू होऊन जरा वेळ झाला आणि कर्टिस धापा टाकत आला. चेहरा पांढरा. परीक्षेच्या पानावर तक्ताच होता, जुना, पंगतीचा. त्या मूर्खाने खूण प्रत्येक गृहपाठाला आणि चाचणीला केली होती, शेवटच्या परीक्षेला केलीच नव्हती. प्रत्येकाचं सेटिंग वेगळं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि मुलांनी परीक्षा एकदा उघडली, की यंत्र ती कुलूप लावून ठेवतं. मग प्रोफेसरलाही काही बदलता येत नाही.

मी धावत गेले. व्हर्ना खुर्चीत ताठ बसलेली, दोन्ही पेन्सिली समोर आडव्या ठेवलेल्या. बाकीचे खाली मान घालून लिहीत होते. कर्टिस तिच्या कानाशी वाकून म्हणाला, की मिसेस डनलॅप आज ह्याच इमारतीत आहेत, आजच्या दिवस त्यांना बोलावू का, दोन मिनिटांत येतील.

व्हर्नाने आवाज खाली ठेवला, तिच्या मानाने. म्हणजे फक्त तीन रांगांना ऐकू गेलं. "प्रोफेसर, बस तुम्ही बिघडवली. दुरुस्त तुम्ही करा. मी थांबते."

"पण वेळ..."

"वेळ तुमचा चाललाय, माझा नाही. माझी परीक्षा अजून सुरूच झालेली नाही."

कर्टिसने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर बोलतेय ती. ह्या कुलूपवाल्या परीक्षेची नक्कल काढ, नवी, अजून कोणी न उघडलेली. तिच्यात खूण कर. ती फक्त व्हर्नाच्या नावावर दे, आणि घड्याळ नव्याने लाव. चल ऊठ.

तो आपल्या खोलीकडे पळाला, मी मागून. खुणेची ती बारकी चौकट आता मला झोपेतही सापडेल. मी बोट दाखवलं, त्याने खूण केली. नको ती बटणं काढली. मग मी त्याला म्हटलं, स्वतः विद्यार्थी होऊन एक उत्तर टाइप करून बघ. त्याने टोपी टाइप केली, दोन टाइप केले आणि दोन्ही हात हवेत उचलले. खोलीत आम्ही दोघंच, पण त्याला कळलंही नाही आपण काय करतोय ते. मी हसले नाही. नंतर हसले, पुष्कळ दिवस.

व्हर्नाची परीक्षा सुरू झाली तेव्हा निम्मा वर्ग उठून गेला होता. मला आत थांबायची परवानगी नाही. दाराच्या काचेतून दिसत होतं तेवढं बघितलं. टकटक, पेन्सिली वर. टकटक, पेन्सिली वर. शेवटी ती एकटीच उरली खोलीत, आणि कर्टिस, जो पुस्तक उघडून एकच पान वाचत बसला होता. तिने शेवटचं बटण दाबलं. यंत्र निकाल लगेच सांगतं.

ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तोंडावर काहीच दिसेना. मी म्हटलं, सांगशील का, का माझा जीव घेतेस?

"पास," ती म्हणाली. "वरून नाही, मधून. एक वजाचं चिन्ह खाल्लं मी, त्यापायी अख्खं गणित गेलं." आणि एवढं बोलून ती हसायला लागली, पार वाकून, भिंतीला टेकून. "सुलू, ते माझं मी खाल्लं. कोणी काही केलेलं नाही त्यात."

लेलंड बाहेर गाडीत बसलेला होता. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो चक्क पूर्ण वाक्य बोलला. काय बोलला ते ती सांगत नाही. लाजते.

कर्टिसने आता सगळ्या वर्गांच्या सगळ्या परीक्षांना खूण करून ठेवली आहे, आणि सत्र सुरू व्हायच्या आधी मला शेजारी बसवून स्वतः कीबोर्डवरून एकेक चौकट तपासतो. माऊस काढून कपाटात ठेवतो त्या दिवशी. बरं का, अजून अर्ध्या बाह्याच.

आणि व्हर्ना? ऑगस्टात शाळा उघडल्या. सरोवराकाठची पोरं आता सगळ्यांत शेवटी उभी राहतात आणि सगळ्यांत आधी घरी येतात. त्यासाठी तिने एक बस आमच्या गल्लीतून वळवली. ती सकाळी माझ्या खिडकीखाली येऊन थांबते, दार फुस्सकन उघडतं, पोरं किंचाळत चढतात आणि माझी झोप जाते. मी डेपोत फोन केला. पलीकडून तोच मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.

म्हणाली, "बाई, तक्रार असेल तर लेखी द्या." आणि फोन ठेवून दिला, सटवीने.